प्रमुख पाहुणे नंतर बोलवा

विज्ञान लोकांपर्यंत पोचवायला मंडळ काढायचं म्हणून विद्यार्थी आले, की पहिला प्रश्न हमखास असतो, ‘मॅडम, उद्घाटनाला कोणाला बोलवायचं?’ मी रायपूरच्या कॉलेजांत वर्षानुवर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. आता चौबे कॉलनीत घरीच असते आणि असल्या पोरापोरींना चहा पाजणं हा निवृत्तीनंतरचा उद्योग झालाय. माझं उत्तर ठरलेलं आहे, कोणालाच नको. हार, शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन यातच पहिल्या वर्षाचा दम आणि पैसा दोन्ही संपतात. दुसऱ्या वर्षी पदाधिकारी एम.एस्सी. करून पुण्या-बंगळुरूला निघून जातात, मागे उरतो तो नुसता बॅनर.

दुसरी खोड पोस्टरची. सी. व्ही. रामन यांनी आपला शोध २८ फेब्रुवारी १९२८ रोजी लावला, म्हणून १९८७ पासून त्या दिवशी विज्ञान दिन साजरा होतो. त्या दिवशी कॉलेजाच्या व्हरांड्यात रामन, कलाम आणि कृष्णविवर टांगलेलं असतं. चित्रं छान असतात. पण आपल्याच विद्यापीठात, आपल्याच जिन्याच्या वरच्या मजल्यावर काय चाललंय, हे एकाही पोस्टरवर सापडत नाही.

उदाहरण देते. बस्तरमध्ये जगदलपूरजवळ, कांगेर खोऱ्याच्या राष्ट्रीय उद्यानात कुटुमसरची गुहा आहे. रायपूरचे लोक सहलीला जातात, टॉर्चच्या उजेडात लोंबते चुनखडीचे सुळके बघतात आणि परत येतात. त्या गुहेच्या पाण्यात एक छोटासा मासा राहतो. अंग फिकट, डोळे बारीक झालेले. ज्या जातीत तो गणला गेला तिचं पहिलं वर्णन फ्रान्सिस डे यांनी १८७२ साली केलं, तेही पुण्याच्या माशांवरून! म्हणजे पुण्याच्या ओढ्यातल्या माशाचा हा बस्तरमधला, अंधारात राहायला गेलेला भाऊबंद.

आता प्रश्न असा, की जिथे सूर्य उगवत नाही आणि मावळतही नाही, तिथे राहणाऱ्या जिवाला दिवस कळतो का? हा प्रश्न आमच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठातल्या अभ्यासकांनी धरून ठेवला. शरीरातल्या घड्याळाचा अभ्यास ही इथल्या जीवविज्ञान विभागाची जुनी ओळख. अतनु कुमार पती, जयंत बिस्वास यांनी १९९० च्या आसपास या माशावर काम प्रसिद्ध केलं. युक्ती साधी होती. हा मासा अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेतो. ते घोट मोजायचे, दिवसाचे आणि रात्रीचे, मग वर्षभराचे, आणि त्यात काही लय दिसते का ते पाहायचं. शरीरातल्या याच घड्याळाची यंत्रणा फळमाश्यांवर उलगडून दाखवल्याबद्दल २०१७ चं नोबेल तीन अमेरिकनांना मिळालं, तेव्हा रायपुरातल्या किती जणांना आपल्या कुटुमसरची आठवण झाली असेल? भिलाईच्या पोलाद कारखान्यात रात्रपाळी करून दिवसा झोप न लागणाऱ्या बापाच्या मुलाला हा विषय समजावून सांगावा लागणार नाही. फक्त कोणीतरी तो त्याच्यापर्यंत न्यायला हवा.

न नेल्यावर काय होतं, तेही या शहराने पाहिलंय. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी गावोगाव हिंडून छत्तीसगडच्या भाताचे हजारो वाण गोळा केले; आकडा एकोणीस हजारांच्या घरात सांगतात. दुबराज, जवाफूल, विष्णुभोग ही नावं आमच्या स्वयंपाकघरातली. तो साठा पुढे इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाकडे आला. २००२ च्या अखेरीस बातमी फुटली, की या वाणांसंबंधी सिंजेंटा या परदेशी बियाणे कंपनीशी करार झालाय. मग मोर्चे निघाले, लेख आले, डिसेंबरात कंपनीने माघार घेतली. करार योग्य की अयोग्य हा वाद बाजूला ठेवा. मला खुपलं ते वेगळंच. आपल्या शहरात भाताची एवढी मोठी पेढी आहे, हे बहुतेक रायपूरकरांना भांडण झाल्यावर कळलं.

म्हणून मंडळाचा पहिला कार्यक्रम म्हणजे व्याख्यान नव्हे. दोघांनी एका विभागात जायचं, एका संशोधकाला गाठायचं, आणि ‘तुम्ही काय शोधलंत’ याच्याआधी ‘तुम्हाला ते कळलं कसं’ हे विचारायचं. परत येऊन दोन पानं लिहायची. ती पानं वाचायला अशा माणसाला द्यायची, ज्याला लेखक कोण हे माहीत नाही. १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ नावाच्या कोणा अनोळखी गृहस्थांना पहिलं बक्षीस मिळालं. ते होते जयंत नारळीकर. नावाच्या वजनाने परीक्षक वाकू नयेत म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी केली होती. जगभर नाव झालेला माणूस स्वतःचं लिखाण असं तपासून घेतो, तर आमच्या दुसऱ्या सेमिस्टरवाल्यांनी का लाजावं?

बोलणं मात्र कागदावर शिकता येत नाही. त्यासाठी मी पोरांना मितानिनकडे पाठवते. मितानिन म्हणजे आमच्याकडची पाड्यावरची आरोग्यसेविका. ही योजना छत्तीसगडमध्ये २००२ साली सुरू झाली, देशभरातल्या ‘आशा’च्याही आधी. एकदा मीही सोबत गेले होते. विषय सिकलसेलचा, कारण हा आजार इथे घराघरात आहे. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक, वाहक निघण्याची चारात दोन, पूर्ण निरोगी निघण्याची चारात एक. हे वाक्य फळ्यावर लिहिलं की सगळ्यांना समजल्यासारखं वाटतं. खरं तर कोणालाच समजलेलं नसतं.

एका विद्यार्थिनीने दोन डब्या आणल्या होत्या, आईची आणि बापाची. प्रत्येकीत एक चणा आणि एक तिवऱ्याचा दाणा. डोळे मिटून दोन्हीतून एकेक दाणा काढायचा. दोन्ही तिवरे आले तर मूल आजारी. पहिल्या बाईने काढले, दोन्ही तिवरे. पोरीने ते बाजूला ठेवले आणि डब्या दुसऱ्या बाईपुढे सरकवल्या. आता डब्यांत चणेच उरलेले. मागून मितानिन ओरडली, ‘पहिली दाना ला वापिस डार, नोनी!’ आणि मग बायकांकडे वळून तिने समजावलं, की पहिलं लेकरू आजारी निघालं म्हणून पुढची सुटली असं नाही, दर खेपेला डबी नव्याने भरते. ‘चार लेकरांत एक आजारी, बाकी तीन बिनघोर’ हा जो सगळ्यांचा गैरसमज, तोच त्या पोरीने नकळत हाताने करून दाखवला होता. बी.एस्सी.ला तिला अनुवंशशास्त्रात चांगले गुण होते, हेही सांगून टाकते.

उत्साही पोरांना लगेच टोनहीवर बोलायचं असतं. बाईला चेटकीण ठरवून छळण्याविरुद्ध या राज्यात २००५ पासून कायदा आहे. रायपूरचे नेत्रतज्ज्ञ डॉ. दिनेश मिश्र त्यासाठी वर्षानुवर्षं खपताहेत. ज्या हरेली अमावस्येला लोक दार लावून बसतात, त्याच रात्री ते सहकाऱ्यांसह गावांत जातात. त्यांच्यासारख्यांबरोबर जा, शिका. पण पहिल्याच वर्षी गावात जाऊन भाषण ठोकू नका. आधी सिकलसेल, पाणी, भात. लोक ओळखू लागले की मग अवघड विषय.

कागदपत्रांचं फार मनावर घेऊ नये. छात्र कल्याण अधिष्ठात्यांना अर्ज, एक प्रभारी प्राध्यापक, पानभर नियम, आणि हिशेब ठेवणारा एक चिवट खजिनदार, बास. एक नियम मात्र पाळाच. मंडळातले निम्मे पहिल्या वर्षाचे हवेत, नाहीतर दर मे महिन्यात मंडळ नव्याने जन्माला येईल. केरळ शास्त्र साहित्य परिषद १९६२ साली थोड्या विज्ञानलेखकांनी सुरू केली होती आणि ती अजून चालू आहे. मागे येणाऱ्यांची सोय त्यांनी लावली, हे त्यातलं निम्मं गुपित. जागा नसेल तर महाराष्ट्र मंडळात विचारा, नाहीतर आमच्या ओसरीवर बसा.

विद्यापीठातल्या प्राध्यापक मंडळींना एक विनंती. अशी पोरं दारात आली तर त्यांना अर्धा तास द्या. पेपर वाचून दाखवू नका, प्रयोगाची खोली उघडून दाखवा.