उचल

पहाटे 5.30
कोल्हापुरात या वेळी रस्त्यावर दुधाच्याच गाड्या. घरात कुणी हाक मारत नाही, म्हणून मी खुलासे वाचायला बसते. पतसंस्थेतल्या अपहाराच्या फायलीत पुढे लेखापरीक्षकाचे आकडे असतात आणि शेवटी कुठेतरी कर्मचाऱ्याचा खुलासा टाचलेला असतो. आकड्यांवर पुष्कळांनी लिहिलंय. मला त्या खुलाशाचं मराठी हवं असतं. आजच्या सातपैकी पाच खुलाशांत ‘चोरी’ हा शब्दच नाही. ‘अडचणीपोटी उचल केली, भरणा करणार होतो.’ पगारावर घेतात ती उचल आणि दुकानातून लांबवतात ती उचलेगिरी, धातू एकच. माणसाला स्वतःची समजूत घालायची सोय भाषेने आधीच करून ठेवली आहे.

8.15
एम.कॉम.चा तास. अमेरिकेत डोनाल्ड क्रेसीने तुरुंगात जाऊन अपहार करणाऱ्यांना बोलतं केलं आणि 1953 मध्ये ‘अदर पीपल्स मनी’ हे पुस्तक लिहिलं. कुणाला सांगता न येणारी पैशाची अडचण, हाताशी असलेली संधी आणि मनाला पटवलेली सबब. त्याचे कैदीही म्हणत होते, आम्ही उसने घेतले होते. मुलं तीन मुद्दे उतरवून पेन खाली ठेवतात. परीक्षेला तेवढंच येतं, त्यांचा तरी काय दोष! मागच्या बाकावरून मात्र प्रश्न येतो, “मॅडम, सत्यमच्या राजूंना कसली अडचण होती?” 7 जानेवारी 2009 च्या पत्रात रामलिंग राजूंनी सत्यम कंपनीची रोख आणि बँक शिल्लक 5,040 कोटींनी फुगवल्याचं कबूल केलं. त्याच पत्रात होतं, की सुरुवात किरकोळ फरकापासून झाली. तो किरकोळ फरक ज्या दिवशी पहिल्यांदा लिहिला गेला, तो दिवस मला पाहायचाय, असं मी म्हणते. तास संपतो.

10.30
पीएच.डी.ची विद्यार्थिनी लॅपटॉप उघडाच घेऊन येते. बेनफर्डच्या नियमाप्रमाणे आपोआप साठत गेलेल्या रकमांपैकी साधारण 30 टक्के 1 ने सुरू होतात, 9 ने सुरू होणाऱ्या 5 टक्क्यांहूनही कमी. तिच्या आलेखात 1 आणि 5 चे मनोरे उभे आहेत, बाकी सपाट.
“मॅडम, सापडला घोटाळा!”
“अगं, पिग्मी आहे ही. चहावाला रोज पन्नास भरतो, किराणावाला शंभर. इथे तुझा बेनफर्ड काय करणार?”
तिचं तोंड उतरतं. खर्चाच्या व्हाउचरांवर लावून बघ, मी म्हणते, आणि एसटी पकडायला पळते.

12.40
जिल्ह्यातलीच एक पतसंस्था; गावाचं नाव न लिहिण्याच्या अटीवर दप्तर बघायला मिळालंय. खरं व्हाउचर वर्षभरात म्हातारं होतं. टाचणी गंजते, कोपरा मुडपतो, चहाचं वर्तुळ उमटतं, कुणाची शाई निळी तर कुणाची काळी. माझ्यापुढे अकरा महिन्यांची अकरा व्हाउचरं आहेत, सगळी एका शाईची, आणि टाचणीचं भोक सगळ्यांना एकाच जागी. रकमा 4,800, 4,950, 4,900. पाच हजारांच्या वर अध्यक्षांची सही लागते.

मॅनेजर सरबत पुढे करतात. “तो क्लार्क म्हणजे सोन्यासारखा माणूस होता हो. सहा वर्षांत एक रजा नाही.” ही स्तुती ऐकली की माझ्या पोटात गोळा येतो. पिग्मीत याची टोपी त्याच्या डोक्यावर चालते: कालच्या खातेदाराचे पैसे खाल्ले, तर आजच्या भरण्यातून त्याची जमा दाखवायची. टोप्या फिरवणारा एक दिवस घरी राहिला, तर कुणाचं तरी डोकं उघडं पडतं. म्हणूनच संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान 10 कामकाजाचे दिवस अचानक रजेवर पाठवा, असं रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये बँकांना सांगितलं. पतसंस्था त्या आदेशात येत नाहीत.

2.30
डबा, परतीची एसटी, डुलकी.

4.15
स्टँडजवळच्या रसवंतीत तो येतो. नाव कुठेही येणार नाही, हे मी लिहून दिलंय. वेगळ्याच संस्थेतला, नोकरी गेलेला, खटला चालू. जगभरातल्या 1,921 प्रकरणांवरच्या 2024 च्या एका अहवालात 43 टक्के प्रकरणं कुणीतरी खबर दिल्यामुळे उघडकीला आली, बाहेरच्या लेखापरीक्षकामुळे जेमतेम 3 टक्के. याचं प्रकरण एका भाजीवालीने उघडकीला आणलं. तिला पुस्तकात जमा कमी दिसली आणि ती काउंटरवरून हलेना.

तो पिशवीतून एक शंभर पानी वही काढतो. “मॅडम, मी सगळं लिहून ठेवलंय. बुडवायचं असतं तर लिहिलं असतं का?”

वही घेऊन जा म्हणतो. पोलिसांनी मागितली नव्हती का, हे मी विचारत नाही.

रात्री 9.30
जेवण उरकून वही एक्सेलमध्ये भरायला घेते. पहिली नोंद, मुलीची फी, 3,000. मग आईचं औषध, गॅस, सोसायटीचा हप्ता. परतफेडीच्या रकान्यात दोनच आकडे, 500 आणि 200. बेरीज 41,300. लेखापरीक्षकाचा आकडा 2,86,000 च्या वर आहे. मला वाटतं माझीच बेरीज चुकली. पुन्हा करते. बरोबर आहे.

वहीतली शेवटची नोंद 17 जूनची, दीड हजारांची, कशासाठी ते लिहिलेलं नाही. लेखापरीक्षकाच्या यादीत त्यानंतरही दोन वर्षं रकमा चालूच आहेत. वहीत 17 जूननंतर चार पानं आखून ठेवलीत, पट्टीने, तांबड्या शाईत: तारीख, रक्कम, परतफेड.