सेवेचे दान आणि सरकारचे देणे

कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यात मादन हिप्परगा नावाचे गाव आहे. महाराष्ट्राची हद्द तेथून फार दूर नाही. १९५६ साली हैदराबाद राज्याचे विभाजन झाले, तेव्हा उमरगा मुंबई राज्याकडे आले आणि आळंद म्हैसूर राज्यात गेले. नकाशावर रेघ ओढली गेली. सोयरिकी, बाजार आणि बोली मात्र रेघेच्या दोन्ही अंगांस पूर्वीसारख्याच राहिल्या. अशा गावात मध्यरात्री एखादी बाळंतीण अडली, तर घरच्यांपुढे प्रश्न उभा राहतो तो तिला न्यायचे कोठे हा. त्या क्षणी जो दार उघडील तो देव. मग ते दार सरकारी असो, मठाचे असो की मिशनचे.

गोव्यात बसून इतक्या लांबच्या गावाची काळजी आम्ही का वाहावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सरळ आहे. धर्मसंस्था आणि सरकार यांनी लोकसेवेत परस्परांशी कसे वागावे, हा प्रश्न आम्हां गोमंतकीयांच्या परिचयाचा आहे. सोळाव्या शतकात जुन्या गोव्यात सांता काझा दा मिझेरिकॉर्दिया ही धर्मादाय संस्था पोर्तुगीज सत्तेच्या छायेत उभी राहिली आणि तिने अनाथ व रुग्णांची शुश्रूषा केली. त्याच शतकात, त्याच सत्तेने देवळे पाडली आणि १५६० साली इन्क्विझिशन बसविले. औषध देणारा हात आणि दंड उगारणारा हात एकाच देहाचे आहेत, असे ज्या समाजाने पाहिले, त्याच्या मनात सेवेविषयी शंका राहिली तर तिला दोष देता येत नाही. परंतु मुक्तीनंतरच्या गोव्याने दुसरेही चित्र पाहिले आहे. चर्चच्या शाळांतील शिक्षकांचे पगार सरकारी अनुदानातून होतात, व्यवस्थापन संस्थेकडे राहते, आणि वर्गात सर्व धर्मांची मुले शेजारी शेजारी बसतात. माध्यमाच्या प्रश्नावर वाद झाले, कडाक्याचे झाले. पण ते उघड्यावर झाले. नियम लिहिलेला असला की भांडणही शिस्तीने होते.

बीदर-कलबुर्गीच्या भूमीला धर्माच्या नावाने चाललेली सेवा नवी नाही. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी कल्याणात दासोहाचा विचार रुजविला. कलबुर्गीचे शरणबसवेश्वर त्याच दासोहासाठी ओळखले जातात. ख्वाजा बंदेनवाज यांच्या दर्ग्यावर आणि बीदरच्या नानक झिरा गुरुद्वारात भुकेल्याला जात विचारण्याची रीत नाही. मेथॉडिस्ट मिशनने निजामी काळात बीदरमध्ये शाळा आणि दवाखाना चालविला. २००५ साली या प्रदेशासाठी कलबुर्गी येथे कॅथलिकांचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. तेव्हा ख्रिस्ती सेवा तेथे आली ती ओसाड माळावर नव्हे; अगोदरच जेवणावळी चाललेल्या अंगणात आणखी एक पंगत मांडली गेली, एवढेच.

या सेवेची खरी परीक्षा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाली. किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे मातीत मिळविली आणि हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. उमरगा तालुक्यानेही तो आघात सोसला. त्या वेळी शासनाने एक शहाणपणाची वाट धरली. जागा, आराखडा आणि मोजमाप सरकारचे, बांधकाम दात्यांचे. देशभरातील संस्था आल्या, त्यांत कॅरितास आणि कासा या ख्रिस्ती संस्था होत्या, तशा हिंदू धर्मसंस्थाही होत्या. बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. हे काम मोठे होते, यात शंका नाही. तथापि त्यातून एक धडाही मिळाला. कित्येक नव्या गावांत घरे शहरी वसाहतीसारखी रांगेत उभी राहिली. वाड्याचे अंगण, गुरांची जागा, भावकीचा शेजार यांचा विचार पुष्कळ ठिकाणी राहून गेला. याउलट, जेथे घरधन्याच्या हाती पैसा आणि मार्गदर्शन देऊन त्यालाच दुरुस्ती करू दिली, तेथे घर त्याला आपले वाटले. दाता आणि शासन दोघेही एकमेकांशी बोलले, पण ज्याच्यासाठी बोलले त्याला विचारावयाचे राहिले, तर असेच होणार.

विचारून केलेली सेवा कशी असते हे पाहावयाचे असेल तर जामखेडकडे पाहावे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली तेथे ग्रामीण आरोग्याचे काम आरंभिले. मोठे रुग्णालय बांधून रोग्यांची वाट पाहत बसण्याऐवजी त्यांनी गावातलीच बाई निवडली. ती बहुधा निरक्षर असे, कित्येकदा दलित असे. तिला त्यांनी आरोग्यसेविका केले. ज्या बाईच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, तिच्याच हातून गावाने लेकरांना लस टोचून घेतली. १९७१ च्या सुमारास त्या परिसरात जन्मणाऱ्या हजार मुलांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत; पाच वर्षांत हा आकडा ५२ वर आला. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे २००५ साली केंद्र सरकारने गावोगाव 'आशा' कार्यकर्त्या नेमल्या, त्या योजनेत जामखेडच्या विचाराचे प्रतिबिंब स्पष्ट दिसते. आमच्या मते धर्मादाय संस्थेचे सर्वांत मोठे यश हेच होय. तिने सरकारची जागा बळकावू नये, सरकारला काम शिकवावे आणि शिकवून झाल्यावर बाजूस व्हावे.

दुर्दैवाने आज उभयपक्षी विश्वास पातळ झाला आहे. परदेशी देणग्यांचा कायदा २०२० साली अधिक कडक झाला. एका संस्थेने दुसरीला परदेशी निधी देणे बंद झाले आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणण्यात आली. हिशेब मागण्याचा सरकारला अधिकार आहे, नव्हे ते त्याचे कर्तव्यच आहे. पण मोठ्या शहरातील संस्थेमार्फत ज्या लहान संस्थेला पैसा मिळे, तिच्या खेड्यातील शिवणवर्गाचे आणि दवाखान्याचे काय, याचे उत्तर कायद्याने दिले नाही. २०२१ च्या नाताळात मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीची नोंदणी नूतनीकरणास नकार मिळाला आणि जानेवारी २०२२ मध्ये ती पुन्हा दिली गेली. जे दोन आठवड्यांत देता आले, ते नाकारले कशासाठी?

मात्र सारा दोष सरकारच्या पदरी टाकणे न्यायाचे होणार नाही. आजारी माणसाच्या उशाशी बसून त्याच्या श्रद्धेचा सौदा करणे हे कोणत्याही धर्माला शोभत नाही. आपल्या धर्माचा प्रचार करण्याचा हक्क घटनेच्या पंचविसाव्या कलमाने प्रत्येकास दिला आहे. परंतु औषधाची बाटली हे त्या हक्काचे साधन नव्हे. चर्चने हे स्वतःच ठणकावून सांगितले, तर शंकेखोरांचे निम्मे शब्द गळून पडतील. हाच दंडक मठांना आणि मंदिरांनाही लागू आहे.

आता पुन्हा सीमेवरच्या गावांकडे वळू. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा लाभ कर्नाटकातील ८६५ सीमावर्ती गावांना देण्याचा निर्णय घेतला. त्यावर कर्नाटकाने हरकत घेतली. मराठी माणसाविषयीचा जिव्हाळा आम्हांस कळतो, राज्याच्या अधिकाराविषयीचा आग्रहही कळतो. पण रुग्ण हे सीमाप्रश्नातील प्याद्यासारखे वापरण्याचे माणूस नव्हे. दोन सरकारे एकमेकांस अडवीत असताना मिशनचा दवाखाना किंवा मठाचे अन्नछत्र तुम्ही कोणत्या राज्याचे, हे विचारीत नाही, ही त्यांच्या मोठेपणाची खूण आहे, तशीच सरकारांच्या नामुष्कीचीही.

म्हणून आम्ही दोन्ही राज्यांना सुचवू इच्छितो की, लगतच्या जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांनी वर्षातून निदान एकदा एकत्र बसावे. त्या बैठकीस चर्च, मठ, दर्गा आणि गुरुद्वारा यांच्या सेवासंस्थांना बोलवावे, आणि गावच्या आशा कार्यकर्तीस पहिल्या रांगेत बसवावे. कोणते काम कोणाचे हे कागदावर लिहावे, हिशेब गावाच्या भाषेत चावडीवर लावावा, आणि अत्यवस्थ रुग्णास जवळचे रुग्णालय मोकळे असेल, मग ते रेघेच्या पलीकडे का असेना, एवढे तरी ठरवून उठावे.

धर्मसंस्था देते ते दान होय. त्याबद्दल कृतज्ञ राहावे. सरकार देते ते मात्र दान नव्हे, ते देणे आहे. नागरिकाचे थकलेले देणे. दुसऱ्याने दान केले म्हणून आपले देणे फिटले असे कोणत्याही सरकारने मानू नये. आळंदच्या वाटेवर मध्यरात्री बैलगाडीत वा जीपमध्ये कण्हणाऱ्या बाईला या दोहोंतील भेद ठाऊक नसेल. पण सत्तेवर बसलेल्यांना तो ठाऊक असलाच पाहिजे.