विश्लेषण : अलास्कात शिकारीला गाडीने जायचे, तर हिशेब परतीचा का करावा लागतो?

भारतात हौसेखातर शिकार करणे गुन्हा आहे. अमेरिकेच्या अलास्का राज्यात मात्र परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामात ती करता येते. त्यामुळे इतर राज्यांतले काही शिकारी कॅरिबू, म्हणजे रानटी रेनडिअरसाठी, थेट गाडीनेच तिकडे निघतात.

वाट कॅनडातून जाते. सीमेवर बंदूक जाहीर करून ६० दिवसांचा तात्पुरता परवाना घ्यावा लागतो. पिस्तूल घरीच ठेवावे. पुढे डॉसन क्रीकपासून १९४२ साली बांधलेला अलास्का हायवे लागतो. अंतर सुमारे २,२०० किलोमीटर. लांब, पण त्यातल्या त्यात सोपे.

कस लागतो तो फेअरबँक्सच्या उत्तरेला, ६६६ किलोमीटरच्या डाल्टन हायवेवर. रस्ता बराचसा खडीचा. कोल्डफूट ते डेडहॉर्स या ३८६ किलोमीटरमध्ये एकही पेट्रोल पंप नाही. शिवाय युकॉन नदी ओलांडली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आठ किलोमीटरपर्यंत बंदुकीने शिकारीला बंदी, धनुष्यबाण चालतो. गाडी रस्त्यावरून खाली उतरवता येत नाही.

म्हणजे बंदूकवाल्याने दलदलीतून आठ किलोमीटर चालायचे आणि मांस पाठीवरून आणायचे. ते एका खेपेत येत नाही, आणि प्रत्येक खेप जाऊन-येऊन सोळा किलोमीटरची! खाण्याजोगे मांस तिथेच टाकणे गुन्हा. आधी शिंगे उचलून आणायचीही सोय नाही. त्यानंतर ते मांस हजारो किलोमीटर टिकवायचे असते. म्हणून गाडीत आधी बर्फाच्या मोठ्या पेट्यांची जागा ठरते, तंबूची नंतर.