छायाचित्रातील मुखाभास

भारतात व आग्नेय आशियात आढळणारा कॅटाकॅन्थस इन्कार्नेटस हा ढेकणाच्या गणातील एक मोठा, झाडांच्या रसावर जगणारा कीटक आहे. त्याचा रंग तांबडा, नारिंगी अथवा पिवळसर असून लांबी सुमारे तीन सेंटिमीटर असते. काजूच्या झाडावरही तो दिसतो. पानावर बसलेल्या या कीटकाकडे सहज पाहिले असता त्यात विशेष असे काही जाणवत नाही. परंतु त्याच्या पाठीचे छायाचित्र घेऊन डोके खाली येईल असे धरले, की माणसाचा चेहरा आपल्याकडे पाहू लागतो. पुढील पंखांवरील दोन काळे ठिपके डोळे होतात, पाठीवरील त्रिकोणी पट्टिका नाक होते आणि पंखांची पातळ काळी टोके कपाळावर रचलेल्या केसांसारखी दिसतात. उरलेले आपण भरून काढतो. पाश्चात्त्य प्रेक्षकांपैकी अनेकांना या केशरचनेवरून एल्व्हिस प्रेस्ली आठवला आहे. ज्याने प्रेस्लीस कधी पाहिलेच नाही, त्यास अर्थातच दुसरा कोणी आठवेल.

या अनुभवाच्या मुळाशी दोन भिन्न क्रिया आहेत. ‘येथे चेहरा आहे’ ही पहिली आणि ‘हा अमक्याचा चेहरा आहे’ ही दुसरी. पहिली बहुतेकांना समान असते. दुसरी प्रत्येकाच्या स्मृतीवर अवलंबून असते. अस्पष्ट आकृतीत निश्चित रूप दिसण्याच्या या प्रकारास जर्मन मनोविकारतज्ज्ञ कार्ल काल्बाउम याने १८६६ मध्ये जे नाव वापरले, तेच आज पॅरायडोलिया या रूपाने रूढ आहे. चेहऱ्यापुरते बोलावयाचे तर त्यास मुखाभास म्हणावयास हरकत नाही.

आपल्याकडील विचारपरंपरेत भ्रमाचे प्रसिद्ध उदाहरण रज्जुसर्पाचे. दिवा आणला, दोरी दिसली, की साप नाहीसा होतो. मुखाभासाचे तसे नाही. हा कीटक आहे हे पूर्ण ठाऊक असूनही चेहरा दिसतच राहतो. म्हणून उत्तरकालीन वेदान्तग्रंथांनी केलेला निरुपाधिक व सोपाधिक भ्रमांमधील भेद येथे अधिक उपयोगी पडतो. जवळ जास्वंदीचे फूल असेतोवर स्फटिक तांबडा भासतो. तो तांबडा नाही हे कळल्याने भास मावळत नाही, कारण उपाधी कायम असते. मुखाभासातील एक उपाधी वस्तूच्या ठेवणीत आहे आणि दुसरी आपल्या मेंदूच्या घडणीत.

या दुसऱ्या उपाधीविषयी अलीकडे बरेच कळले आहे. २००९ मध्ये नूशिन हाजीखानी व सहकाऱ्यांनी दाखविले, की चेहऱ्यासारख्या भासणाऱ्या वस्तू पाहताच सुमारे १६५ सहस्रांश सेकंदात मेंदूच्या त्याच भागात प्रतिसाद उमटतो, जेथे तो खऱ्या चेहऱ्यास उमटतो. २०२० मध्ये सुझन वॉर्डल व सहकाऱ्यांस असे आढळले, की अशा वस्तूचे मेंदूतील प्रतिरूप आरंभी चेहऱ्याच्या जवळचे असते, परंतु सुमारे पाव सेकंदाच्या आत ते सामान्य वस्तूसारखे होते. म्हणजे चूक आणि तिची दुरुस्ती दोन्ही अत्यंत त्वरेने घडतात. ऱ्हीसस माकडेही अशा चित्रांकडे अधिक वेळ पाहतात, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले. तेव्हा हा केवळ मानवी कल्पनेचा खेळ नव्हे.

मग छायाचित्राचे कार्य कोणते? ते वस्तूस तिच्या परिसरातून कापून काढते, एकाच कोनात व एकाच प्रकाशात स्थिर करते आणि हवे तसे फिरविण्याची मुभा देते. आपल्या घरातील तीन छिद्रांचा विजेचा सॉकेट पाहावा. मोठे छिद्र वर व लहान दोन खाली असल्यामुळे तो सहसा चेहरा वाटत नाही. त्याचे छायाचित्र उलटे धरताच दोन डोळे आणि विस्मयाने उघडलेले तोंड दिसू लागते. सॉकेट तोच, बदलली ती केवळ दिशा.

प्रकाशाचा व सूक्ष्मतेचा परिणाम मंगळाच्या उदाहरणात दिसतो. २५ जुलै १९७६ रोजी व्हायकिंग-१ या यानाने सायडोनिया प्रदेशातील एका टेकाडाचे छायाचित्र घेतले. तिरप्या उन्हाच्या सावल्यांमुळे त्यात मानवी मुख दिसले. हा सावल्यांचा खेळ असल्याचे नासाने तेव्हाच सांगितले होते, तरी कृत्रिम स्मारकाची कल्पना कित्येक वर्षे टिकून राहिली. २००१ मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेयरने घेतलेल्या चित्रात एक बिंदू सुमारे दीड मीटरचा होता. व्हायकिंगच्या उत्तम चित्रात तो सुमारे ४३ मीटरचा होता. नव्या चित्रात फक्त झिजलेला डोंगर होता.

संशोधकाच्या दृष्टीने खरा धोका चेहरा दिसण्यात नसून त्यावरून कारण कल्पिण्यात आहे. जपानी समुद्रातील हेइके खेकड्याच्या पाठीवर क्रुद्ध योद्ध्याचे मुख दिसते आणि ११८५ मधील दान-नो-उरा येथील युद्धात बुडालेल्या वीरांशी लोक त्याचा संबंध जोडतात. मुखसदृश खेकडे कोळ्यांनी समुद्रात परत सोडल्यामुळे हे रूप टिकले व ठळक झाले, असे ज्यूलियन हक्सली यांनी १९५२ मध्ये सुचविले. कार्ल सेगन यांनी १९८० मध्ये तेच लोकप्रिय केले. परंतु पाठीवरील खाचा स्नायू जोडले जाण्याच्या जागा आहेत आणि हे लहान खेकडे कोणी खातच नाही, असे जोएल मार्टिन यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले. मोठ्या शास्त्रज्ञांनाही या आभासाने भुलविले, ही गोष्ट ध्यानी ठेवण्याजोगी आहे. आपल्या कीटकाविषयीही हेच म्हणता येते. त्रिकोणी पट्टिका व पातळ पंखाग्रे त्याच्या कुळातील असंख्य कीटकांस असतात; त्यांचा चेहरा होतो तो आपण चित्र उलटे धरल्यावर.

यास्तव क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्याने एक साधा नियम पाळावा. साम्य दिसले की त्याची नोंद अवश्य करावी; मात्र त्याच वस्तूचे दुसऱ्या कोनातून, दुसऱ्या प्रकाशात आणि उलट्या दिशेनेही छायाचित्र घ्यावे. जे सर्व चित्रांत टिकते ते वस्तूचे. जे एकातच दिसते ते बहुधा आपले. आभास पुसून टाकणे आपल्या हाती नाही, परंतु त्याची उपाधी बदलून पाहणे निश्चित आहे.