इंटरनेटवरच्या नंबरवर फोटो का पोचत नाही?

आजचा भाग खास करून अमेरिकेत शिकायला जाणाऱ्यांसाठी.

आपल्याकडे फोटो पाठवायचा म्हणजे व्हॉट्सॲप. तिकडे मात्र बरेच जण फोनच्या साध्या मेसेजमधूनच फोटो पाठवतात. तो बऱ्याचदा जातो एमएमएस म्हणून. आणि तुमचा नंबर सिमचा नसून इंटरनेट फोन सर्व्हिसचा असेल, तर तो पोचेलच असं नाही.

का? साधा एसएमएस म्हणजे इंग्रजीत 160 अक्षरं, देवनागरीत 70. एवढासा मजकूर, सहज पुढे जातो. एमएमएसमध्ये फोटो आधी मोबाइल कंपनीच्या सर्व्हरवर जातो. तुमच्या फोनला येते फक्त सूचना. मग फोन डेटा वापरून फोटो उतरवून घेतो. पोस्टमन पार्सलऐवजी चिठ्ठी टाकून गेला आणि पार्सल आपण पोस्टातून आणलं, तसंच!

आता इंटरनेटवरच्या नंबरला सिमच नाही, म्हणजे मोबाइल कंपनीचं 'पोस्ट'ही नाही. त्या सर्व्हिसला स्वतःची सोय करावी लागते आणि मोबाइल कंपन्यांच्या सर्व्हरशी ती जोडून घ्यावी लागते. म्हणून कॉल आणि एसएमएस चालतात, पण फोटो अडकतो.

गूगल व्हॉइसचंच बघा. सुरू झालं 2009 मध्ये. कितीतरी वर्षं त्यावर पाठवलेला एमएमएस चक्क गायब व्हायचा. पाठवणाऱ्याला वाटायचं, पोचला. घेणाऱ्याला पत्ताच नाही! ऑक्टोबर 2013 मध्ये स्प्रिंटच्या ग्राहकांनी पाठवलेले फोटो ईमेलवर मिळू लागले. मग हळूहळू बाकीच्या कंपन्या आल्या. जानेवारी 2017 च्या नव्या ॲपमध्ये फोटो आणि ग्रुप मेसेज थेट दिसू लागले.

हो, ग्रुप मेसेजसुद्धा! साधे ग्रुप मेसेजही बऱ्याचदा एमएमएस म्हणूनच जातात. म्हणजे अडकतो तो फक्त फोटो नाही, रूममेट्सचं अख्खं बोलणं.

मग करायचं काय? नंबर घेण्याआधी 'एमएमएस' हा शब्द सर्व्हिसच्या माहितीत शोधा. नुसतं 'टेक्स्टिंग' लिहिलंय म्हणून फोटो चालेल असं धरून चालू नका. नंबर मिळाला की वेगवेगळ्या कंपन्यांचं सिम असलेल्या दोन-तीन मित्रांकडून फोटो मागवा, तुम्हीही पाठवा आणि एक ग्रुप करून बघा. घराच्या करारासारखी महत्त्वाची कागदपत्रं मात्र ईमेलवरच मागवा. आणि बँकेला शक्यतो सिमचाच नंबर द्या, कारण काही बँका अशा नंबरवर ओटीपी पाठवत नाहीत.

लक्षात ठेवा, न पोचलेला मेसेज आपल्याला कधी दिसतच नाही. म्हणून तपासायचं आधी, नंबर वाटायचा नंतर. तिकडे निघालेल्या मित्रमैत्रिणींना हा भाग नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!