खाणीच्या खड्ड्याला उथळ काठ हवा

सातारा-सांगलीत एखादा रस्ता रुंद झाला, की कुठेतरी एक टेकडी कमी होते. काळ्या दगडाची क्रशरवर खडी होते, मुरूम भरावाला जातो आणि मागे खड्डा उरतो. पावसाळ्यात त्यात पाणी साठतं, पण त्याला तळं म्हणावं अशी जीवसृष्टी तिथे सहसा रुजत नाही. इंग्लंडमध्ये मात्र अशाच खड्ड्यांनी पक्ष्यांना आसरा दिला. पिसांसाठी झालेल्या शिकारीमुळे १९व्या शतकात तिथून जवळपास नाहीशी झालेली तुरेवाली पाणडुबी पुढे वाळू-खडीच्या जुन्या खाणींतल्या तळ्यांवर घरटी करू लागली. नॉटिंगहॅमजवळची ॲटनबरोची खाण तर आज नावाजलेलं पक्षीक्षेत्र आहे. मग आपल्याकडे घोडं अडतं कुठे? माझ्या मते, काठाशी. पाणी माणसाने साठवलं की निसर्गाने, याने पक्ष्यांना काही फरक पडत नाही. काठ उथळ आहे की नाही, याने पडतो.

याचा पुरावा सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, खटाव-माणच्या दुष्काळी पट्ट्यात, त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. या पट्ट्यातला मायणीचा तलाव ब्रिटिश आमदानीतला, येरळवाडीचा येरळा नदीवर बांध घालून केलेला. दोन्ही माणसाने शेतीसाठी बांधलेले. तरीही हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात, चक्रवाक आणि पट्टकदंब येतात. म्हणूनच २०२१मध्ये मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी परिसरातल्या तलावांना मिळून संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला.

हे पक्षी येतात ते खोल पाण्यासाठी नव्हे. सिंचनासाठी पाणी उपसलं जातं, उन्हाने आटतं आणि काठचा गाळ हळूहळू उघडा पडतो. त्या चिखलात किड्यांच्या अळ्या, गोगलगायी आणि झिंग्यासारखे सूक्ष्म जीव खच्चून भरलेले असतात. रोहित पायांनी गाळ ढवळतो, मान वाकवून चोच उलटी पाण्यात धरतो आणि जिभेच्या झपाझप हालचालीने पाणी आत ओढून बाहेर फेकतो; चोचीच्या कडेची चाळणी अन्न तेवढं अडवते. शेकाट्या आणि चिखले तर घोटाभर पाण्यातच चरतात. खडीच्या खाणीत मात्र काठावरून पाऊल घसरलं की थेट कित्येक मीटर पाणी. तळाशी ऊन पोचत नाही, मूळ धरणाऱ्या पाणवनस्पती उगवत नाहीत. उन्हाळ्यात वरचं तापलेलं पाणी खालच्या गार पाण्यात मिसळत नाही आणि तळाचा प्राणवायू संपत जातो. पाणी असूनही तिथे चरायला जागा नसते.

यावर पहिला आक्षेप येतो तो पाण्याचा. दुष्काळी भागात पसरट, उथळ पाण्याची वाफ जास्त होते, मग ते का राखायचं? आक्षेप रास्त आहे. म्हणून अख्खा खड्डा उथळ करू नये; तीन बाजू खोल ठेवून एकाच बाजूला ऐसपैस उतार द्यावा. दुसरा आक्षेप डासांचा. पण डास वाढतात ते मासे नसलेल्या लहान डबक्यांत. जिथे मासे आणि चतुरांच्या अळ्या टिकतात, तिथे त्यांना लगाम बसतो. तिसरा आक्षेप असा, की खड्डा कचऱ्याने बुजवून टाकावा. हा मार्ग सर्वांत घातक, कारण बेसॉल्टच्या भेगांतून कचऱ्याचं पाणी आसपासच्या विहिरींत उतरू शकतं. उलट, एका बाजूला दिलेला उतार खड्ड्यात पडलेल्या माणसाला किंवा जनावराला बाहेर यायला वाटही देतो.

कायद्याची अडचणही आहे. २०१७चे पाणथळ जागांचे नियम खास सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय आपल्या व्याख्येतून वगळतात. म्हणजे मायणीसारख्या तलावाला त्या नियमांचा आधार नाही. त्याला वन्यजीव कायद्यातून वेगळं संरक्षण द्यावं लागलं. प्रत्येक खाणीसाठी तेवढा खटाटोप होणार नाही. म्हणून उपाय खाणीच्या परवान्यातच हवा. यंत्रं जागेवर असतानाच एका काठाला दहा मीटरला एक मीटर असा उतार द्यावा, काढून ठेवलेली माती त्यावर पसरावी आणि मुरमाची एक उभी दरड तशीच राखावी; वेडा राघू आणि धीवर अशा दरडीत बिळं कोरून अंडी घालतात. जुन्या, बेवारस खाणींसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी वापरावा. तलावांतला गाळ काढतानाही काठ उभे तासू नयेत, नाहीतर आज पक्षी असलेली तळी उद्या खाणीसारखी होतील. टेकडी परत उभी करता येत नाही. तिच्या जागी काय उरावं, हे मात्र शेवटचा डंपर निघण्यापूर्वी ठरवता येतं आणि ते ठरवणं ही आपली जबाबदारी आहे.