घोरण्यावर दातांचा डॉक्टर

चाकण, भोसरी, पिंपरी-चिंचवड या पट्ट्यातील पुष्कळ कारखाने तीन पाळ्यांत चालतात. यंत्रापाशी पेंग आली की कामगार म्हणतो, 'रात्रपाळी भोवली.' बहुधा ते खरेही असते. पण पुरेसे झोपूनही डोळे जड राहत असतील आणि घोरणे शेजारच्या खोलीत ऐकू जात असेल, तर दोष पाळीचा नसून घशाचा असू शकतो. पुणे-नाशिक रस्त्यावर ट्रक चालवणाऱ्याला तर अशी डुलकी जिवावरच बेतायची.

झोपेत स्नायू सैलावतात. उताणे निजल्यावर जीभ व मृदुतालू मागे सरकतात आणि श्वासमार्ग अरुंद होतो. त्यातून जाणाऱ्या हवेने मऊ भाग थरथरतात, हेच घोरणे. मार्ग पुरता मिटला की श्वास थांबतो, रक्तातील ऑक्सिजन घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. सकाळी यातले काही आठवत नाही. किमान १० सेकंदांचे असे पूर्ण वा अर्धवट अडथळे तासाला ५ ते १५ असल्यास विकार सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र मानतात.

यात दंतवैद्य कुठे आला? जिभेचा मोठा स्नायू हनुवटीच्या आतल्या बाजूस, खालच्या जबड्याच्या हाडालाच जोडलेला असतो. जबडा पुढे आला की जीभही पुढे येते. वर्गात करून पाहा: घोरण्याचा आवाज काढा, मग खालचे दात वरच्या दातांच्या पुढे आणून तोच आवाज काढायचा प्रयत्न करा. बऱ्याच जणांना तो जमत नाही. दंतवैद्य दातांचे माप घेऊन प्लास्टिकचे साचे करतो. रात्रभर ते खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरून ठेवतात. जबडा लहान असलेल्या बालकांत जीभ मागे पडून श्वास अडतो, हे फ्रान्समधील पिएर रोबँ यांनी १९२३ सालीच मांडले होते.

साचा टेकायला दात मात्र घट्ट हवेत. तंबाखू-मिश्रीने हिरड्या खिळखिळ्या झाल्या असतील तर तो टेकणार कशावर? शिवाय लाळ सुटते, जबड्याचा सांधा दुखतो, काही वर्षांत दातांची ठेवणही थोडी बदलते. तीव्र विकारात नाकावाटे दाबाने हवा देणारे यंत्रच सहसा आधी सुचवतात. ते ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये पुढे आणले.

एक फसगत टाळावी. साच्याने आवाज थांबला तरी श्वास अडणे चालूच राहू शकते. म्हणून आधी डॉक्टरांकडून झोपेची तपासणी, मग साचा, आणि साचा घालून पुन्हा तपासणी.

वर्गात पेंगणारे, तोंडाने श्वास घेणारे मूल घरी घोरते का, हे पालकांना जरूर विचारावे. मुलांत कारण बहुतेकदा वाढलेले टॉन्सिल असते. तिथे पहिली पायरी कान-नाक-घसा तज्ज्ञाची.